हाकेवरचा उजेड

लेण्यात अंधार असतो, हे बहुतेक लोकांना पायऱ्या चढून वर आल्यावर कळायचं. मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की जणू हा अंधार मीच सकाळी येताना घेऊन आलोय. मी गाईड. सरकारी परवाना असलेला, छातीवर बिल्ला लावणारा, औरंगाबादचा गाईड. शहराचं नाव आता बदललं, पण माझी उमेद जुन्या नावाच्या शहरात खर्ची पडली, म्हणून सवयीनं तेच लिहितो.

वेरूळ आणि अजिंठा ही आमच्या धंद्यातली थोरली घरं. तिथं चांगले गाईड जात, चांगली गिऱ्हाइकं जात. माझ्या वाट्याला आला 'हाफ डे'. ज्यांची गाडी दुपारची आहे, ज्यांचं वेरूळ कालच उरकलंय, ज्यांना हॉटेलात बसून कंटाळा आलाय, असल्या लोकांचा अर्धा दिवस. बीबीच्या मकबऱ्यामागं डोंगर आहे आणि त्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, हे शहरातल्याच निम्म्या लोकांना ठाऊक नाही, तर बाहेरच्यांना काय म्हणायचं. एका गृहस्थांनी सगळी लेणी बघून झाल्यावर मला विचारलं होतं, "हे ठीक आहे, पण यात देव कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, तो आत्ताच उठून गेला, तुमची गाडी चुकेल म्हणून." ते हसले नाहीत. माझी तक्रार मात्र झाली.

माझ्या जिभेनं माझं असं बरंच नुकसान केलंय. पण हे लिहायला बसलो ते माझ्यासाठी नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'गमतीदार अनुभव लिहा' म्हणून कळवलं. गमती सांगायला गेलो की प्रत्येक गमतीच्या मागं मला आरसा घेऊन बसलेला एक माणूस दिसतो. त्याला वगळून मला काही सांगता येत नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. त्या काळी आमच्या लेण्यांत वीज नव्हती. बॅटरी मारली तर मूर्तीचा एक कान दिसतो, नाहीतर एक गुडघा. अख्खी मूर्ती दिसायला ऊन लागतं, आणि ऊन काही आपणहून गाभाऱ्यात जात नाही. ते न्यावं लागतं. त्यासाठी उजेडवाले असत. एक माणूस बाहेर अंगणात मोठा आरसा घेऊन बसायचा. दुसरा आत सभामंडपात उभा राहायचा, हातात लाकडी चौकट, तिच्यावर पांढरी चादर अडकवलेली. आरशातलं ऊन दारातून आत येऊन त्या चादरीवर पडायचं आणि चादरीवरून मऊ होऊन गाभाऱ्यात शिरायचं. डोळ्यांदेखत दगडाला चेहरा यायचा. मी कितीही बडबड केली तरी लोकांच्या तोंडून जो 'अहाहा' निघायचा तो माझ्यासाठी नसायचा, त्या उजेडासाठी असायचा. हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

यात मेख एकच. सूर्य थांबत नाही. आमची लेणी दक्षिणेकडं तोंड करून आहेत. सकाळच्या वेळी ऊन चढत जातं, तसा आरशातला उजेडही भिंतीवर वर वर सरकतो. म्हणून आरसा सारखा, अगदी केसभर केसभर वाकवत राहावा लागतो. हात थांबला की उजेड निसटला. आत चादर धरणाऱ्याला ते दिसतं, बाहेर आरसा धरणाऱ्याला दिसेलच असं नाही, कारण त्याच्या समोर नुसतं काळं दार असतं.

आमच्याकडं हे काम खंडूभाऊ आणि त्याची बायको सोनाबाई करायची. धनगराची माणसं. वैजापूरकडून आलेली. मेंढरं होती तोवर डोंगर-माळ हेच घर. एका वर्षी रोगानं मेंढरं पटापट गेली, उरली ती विकून टाकली आणि दोघं डोंगराखालच्या वस्तीत येऊन राहिली. खंडूभाऊ उंच, हाडांचा, बोलायला महाग. डोक्याला पटका आणि तो डोळ्यांवर ओढलेला. सोनाबाई ठेंगणी आणि आवाजानं डोंगर हलवणारी. तो बाहेर आरशावर, ती आत चादरीवर. आणि आत उभी राहून ती त्याला हाका मारायची.

या हाका साध्या नव्हत्या. मेंढरं वळवताना धनगर घालतात तशा. जिभेनं टाळूवर टकटक केली की डावीकडं. 'हुर्र' केलं की उजवीकडं. दाताआडून शीळ घातली की खाली. आणि उजेड नेमका बसला की लांब, खालच्या पट्टीतलं 'व्होऽऽ'. ते 'व्होऽऽ' दगडात घुमलं की मी बोलायला सुरुवात करायचो. पाहुण्यांना हे फार आवडायचं. मीही भाव खाऊन सांगायचो की पूर्वी मेंढरं वळवायचे, आता सूर्य वळवतात. टाळ्या पडायच्या. मला वाटायचं, जुनी सवय आहे, जात नाही. मुकाट्यानंही झालं असतं, पण बाईला बोलल्याशिवाय करमत नाही.

एकदा पुण्याचे एक निवृत्त न्यायाधीश आले होते, सपत्नीक. सगळा जन्म 'शांतता राखा' म्हणण्यात गेलेला. तिसऱ्या लेण्यात सोनाबाईनं पहिली शीळ घातली आणि साहेब कडाडले, "ही काय पद्धत? ही पवित्र जागा आहे. त्या बाईंना गप्प राहायला सांगा." मी सांगितलं. सोनाबाईनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं आणि गप्प झाली. थोड्याच वेळात उजेड बुद्धाच्या तोंडावरून निघाला आणि छताला लागला. मी बाहेर जाऊन खंडूभाऊवर खेकसलो, "झोपा काढता काय? उजेड कुठं चाललाय बघा की."

तो म्हणाला, "बगतो ना साहेब. तिला म्हणावं, तोंड उघड."

"तोंड कशाला उघडायला पाहिजे? तुम्हाला दार दिसत नाही का?"

"दिसतं की," तो म्हणाला. "पर तिच्या हाकंबिगर हात चालत नाय."

नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं असेल, असं समजून मी सोडून दिलं. न्यायाधीशांना सांगितलं की ही इथली फार जुनी प्रथा आहे. प्रथा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि सोनाबाई पुन्हा टकटक करायला लागली.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं, तो दिवस. उन्हाळ्याची सुरुवात होती. पूर्वेकडच्या एका देशातून बौद्ध यात्रेकरूंची तुकडी आली होती. बहुतेक सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, आणि त्यांच्याबरोबर एक वयोवृद्ध भंते. अशी माणसं आली की मला बरं वाटायचं. ती मला प्रश्न विचारत नसत. ती बघायला आलेली नसत, भेटायला आलेली असत.

तिसऱ्या लेण्याचा गाभारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आत बसलेला भव्य बुद्ध, आणि त्याच्या समोर, दोन्ही बाजूंना, गुडघे टेकून हात जोडलेली दगडाची माणसं. जवळजवळ तुमच्या-माझ्या मापाची. बाया आहेत, पुरुष आहेत, प्रत्येकाच्या केसांची तऱ्हा वेगळी. ती कोण होती, हे कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी यात्रेकरू त्यांच्या मागं जाऊन तसेच गुडघे टेकून बसले आणि भंतेंनी प्रार्थना सुरू केली. मी बाहेर आलो, कारण तुकडीतल्या एका आजीबाईंना दम लागला होता आणि त्या खाली पायऱ्यांवर बसून होत्या. त्यांना पाणी दिलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती, म्हणून आमचं छान चाललं होतं.

त्या लेण्याच्या कपाळावर, दाराच्या वर जिथं खडक पुढं आलाय तिथं, आग्या मोहोळ होतं. ते दर वर्षी असायचं. काळं, लोंबतं, चांगलं पदराएवढं. आम्ही त्याच्याखालून रोज जायचो-यायचो. नियम साधे होते. ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही. हे पाळलं की माशा आपल्या कामात आणि आपण आपल्या. चौकीदार बाबूमियाँ विडी ओढायलासुद्धा पार खाली जायचा. सोनाबाईच्या हाका मात्र माशांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

मी आजीबाईंजवळ बसलो होतो. सहज वर बघितलं तर उजेडाचा चौकोन दारात नव्हता. दाराच्या वर खडकावर होता आणि हळूहळू सरकत होता. आत प्रार्थना चाललीय, उजेड नको म्हणाले असतील, म्हणून खंडूभाऊनं आरसा बाजूला घेतला असेल, असं मला वाटलं. मी पुन्हा आजीबाईंकडे वळलो. कुठूनतरी उदबत्तीचा वासही आला. कुणीतरी दाराशी, मनाई असताना, एक काडी लावून ठेवली होती. आणि मग वरून असा आवाज आला, की जणू कुणी जड गोधडी झटकतंय.

ज्यांनी आग्या माशा उठलेल्या बघितल्या नाहीत त्यांना सांगून उपयोग नाही. आधी डोकं, मग तोंड, मग जिथं हलाल तिथं. बाबूमियाँ दारातून ओरडला, "गाईडसाब, लेट जाव. हाथ नको हिलाव. लेट जाव." मी आजीबाईंना खाली पाडलं, त्यांच्या अंगावर त्यांचीच शाल ओढली आणि त्यांच्याशेजारी पालथा पडलो. मानेवर, कानावर निखारे पडावेत तसं होत होतं. डोळ्याच्या फटीतून मला अंगण दिसत होतं.

खंडूभाऊ आरसा घेऊन बसल्या जागी होता. तो उठला नाही, पळाला नाही, आडवा झाला नाही. तोंड वर करून इकडं-तिकडं करत होता. अंगावर माशांचा थर चढत होता आणि हा माणूस कुठं जायचं ते कळत नसल्यासारखा तिथंच. मी मनातून त्याला शिव्या देत होतो. हाताशी दार आहे, दारात काळोख आहे, शीर की आत मूर्खा.

आत जे होते ते वाचले, ही त्यातली क्रूर गोष्ट. माशा गाभाऱ्याच्या अंधारात फारशा गेल्याच नाहीत. यात्रेकरू गुडघ्यांवर होते तसेच राहिले, दगडाच्या माणसांच्या मागं. सोनाबाईही आत होती. तिला काहीही झालं नसतं. पण ती बाहेर आली. चौकटीवरची चादर ओरबाडून काढली, धावत अंगणात गेली, खंडूभाऊवर चादर टाकली आणि चादरीसकट त्याला मिठी मारून बसली. तिच्यावर टाकायला दुसरं काही नव्हतं. ती एक शब्द बोलली नाही. बोलायला तोंड उघडायची सोयच नव्हती.

माशा शांत व्हायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. दोघांना जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. सोनाबाईचा चेहरा ओळखू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडता ती गेली.

मला बाजूच्याच खाटेवर ठेवलं होतं, म्हणून पुढचं मी ऐकलं. डॉक्टर खंडूभाऊचे डोळे तपासत होते. चेहऱ्याला त्या मानानं कमी डंख होते, चादरीनं वाचवला होता. डॉक्टरांनी पापणी उलटली, बॅटरी मारली, पुन्हा मारली. म्हणाले, "हे माशांचं नाही. हे जुनं आहे. बाबा, तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

खंडूभाऊनं तोंड उजेडाकडं वळवलं. मग म्हणाला, "ऊन अन् सावली कळती."

"तेवढंच?"

"तेवढंच. आरशाला तेवढंच लागतं."

मी खाटेवर उठून बसलो. वर्षानुवर्षं उन्हात आरशाकडं बघून बघून त्याचे डोळे गेले होते. सूर्य कुठाय ते त्याला गालाच्या उबेवरून कळायचं, बसायची जागा पायाला माहीत होती, आणि बाकीचं सगळं, डावं-उजवं, वर-खाली, बायको आतून सांगायची. मी ज्याला सवय म्हणत होतो, ज्यावर टाळ्या घेत होतो, ते त्याचे डोळे होते. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा उजेडवाला आला असता. म्हणून दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. पोटच्या पोरालाही नाही. त्याचा मुलगा म्हादू क्रांती चौकात पंक्चरच्या दुकानात कामाला होता. तो तिथंच खाटेच्या पायथ्याशी उभा होता आणि हे त्यालाही आत्ताच कळत होतं. तो बाहेर निघून गेला.

पंचनामा झाला. उदबत्तीच्या धुरानं माशा उठल्या, असं ठरलं. काडी सापडली होती, ते सोयीचं होतं. मला विचारलं तेव्हा मी उजेडाचं काही बोललो नाही. धुरानं उठल्या की तापलेल्या उजेडानं, ते माशांनाच ठाऊक. पण मी तो चौकोन मोहोळाकडं सरकताना पाहिला होता, आणि माझ्या मनात शंका नव्हती. बायको गेलेल्या आंधळ्या माणसाला हे सांगून काय मिळणार होतं? धूर बरा. धुराला नाव-गाव नसतं. खंडूभाऊ मुलाकडं राहायला गेला आणि आमच्या लेण्यांत दुसरी जोडी आली. दोघं तरुण, मुकाट्यानं काम करणारे. माझी बडबड त्या शांततेत फार मोठी वाटायला लागली. मी ती कमी केली.

पावसाळा गेला. एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं, मी आणि बाबूमियाँ दाराशी बसलो होतो. मोहोळाची जागा वर काळी डागळलेली दिसत होती. बाबूमियाँ म्हणाला, "उस दिन बाई बोली नै ना साब, वोईच गडबड हुई."

मी विचारलं, "बोली नाही म्हणजे?"

"मैं दरवाजे मेंच था ना. बाई ने एक बार सीटी मारी. वो बुड्ढे भंते ने ऐसा हाथ किया." त्यानं तळहात पुढं केला, कुणाला थोपवताना करतात तसा, हळूच. "बड़े प्यार से किया. बाई ने मुँह पे पदर ले लिया. फिर उजाला सरकते गया, सरकते गया, बाई देखते खड़ी. मेरे कू लगा, अब बोलेंगी, अब बोलेंगी. नै बोली. साधू के सामने कैसा बोलना बोल के चुप."

मी तिथं असतो तर मीही तिला गप्पच केलं असतं, न्यायाधीशांच्या वेळी केलं होतं तसं. भंतेंचा दोष नाही. त्यांना शीळ ऐकू आली, त्यामागचा माणूस दिसला नाही. मलाही इतकी वर्षं दिसला नव्हता. पण हे कळल्यावर मला फार राग आला आणि तो राग कुणावर काढावा हेच समजेना. खंडूभाऊला यातलं काही सांगायचं नाही, हे मात्र मी पुन्हा एकदा ठरवून टाकलं. सांगायचं तर उजेड कुठं गेला तेही सांगावं लागलं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी माझी सायकल पंक्चर झाली, आणि मी मुद्दाम नव्हे पण क्रांती चौकातल्याच दुकानात नेली. म्हादू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. तो बापाला दादा म्हणायचा, म्हणून मी विचारलं, "दादा कसे आहेत?"

"हायत," तो म्हणाला. "बसून असत्यात."

"लेण्याकडं एकदा घेऊन ये. आम्हाला बरं वाटेल."

त्यानं मान वर केली नाही. "मी त्येंच्याशी बोलत नाय."

"का?"

"साहेब, तुमाला नाय म्हाईत. आंधळा माणूस. मायच्या हाकंवर आरसा हलवायचा. त्या दिशी माय आतून हाका मारत असंल, अन् ह्यो उन्हात बसल्या बसल्या झोपला. मीच त्येंला इचारलं, झोपला व्हता का? तर म्हणले, असंल. डोळा लागला असंल." त्यानं ट्यूब पिळून काढली. "माय मेली न् हे म्हणत्यात असंल. मंग काय बोलायचं अशा माणसाशी? भाकर घालतो. माही बायको ताट सरकवती. बास."

मी तिथं स्टुलावर बसलो होतो. माझ्या दयेनं काय केलं होतं ते मला तेव्हा दिसलं. खंडूभाऊला ठाऊक होतं की उजेड भलतीकडं गेला तर सोनाबाई हाक मारते. त्याला हाक ऐकू आली नव्हती. मग एकच अर्थ उरतो. ती हाका मारत होती आणि तो झोपेत होता. त्याला पक्कं आठवत नव्हतं, ऊन होतं, म्हातारा होता, कुणी सांगणारं नव्हतं. धुराची गोष्ट त्याच्यासाठी नव्हतीच. ती आम्ही आमच्यासाठी केली होती.

"दुकान बंद कर," मी म्हादूला म्हटलं. "घरी चल."

"आत्ता? मालक हाय ना."

"मालकाला मी बघतो. तू चल."

माझी जीभ अशा वेळी कामाला येते. मालकाशी दोन मिनिटं बोललो, आणि मी कोण, काय, हे समजायच्या आत आम्ही निघालो होतो.

एकच खोली होती. खंडूभाऊ भिंतीला टेकून, दाराच्या उन्हाकडं तोंड करून बसला होता. हाडं तेवढी उरली होती. मी "खंडूभाऊ" म्हटलं, तर त्यानं लगेच ओळखलं.

"गाईडसाहेब. या. बसा."

म्हादू उंबऱ्यातच थांबला. सून चुलीजवळून उठून बाजूला झाली. मी जमिनीवर बसलो. लेण्यात उभं राहून मी कितीतरी लोकांना कितीतरी गोष्टी सांगितल्या, पण ही गोष्ट कुठून सुरू करायची ते मला कळेना. शेवटी शेवटापासूनच सुरू केली.

"खंडूभाऊ, त्या दिवशी सोनाबाईंनी हाक मारलीच नव्हती."

त्याचे हात मांडीवर चाळवत होते. ते तेवढे थांबले.

मी सांगितलं. प्रार्थना चालली होती, बाईंनी एकदा शीळ घातली, म्हाताऱ्या भंतेंनी हात करून गप्प राहायला सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. बाबूमियाँनं दारात उभं राहून पाहिलं. ती पहिली शीळ सोडली, तर नंतर बाहेर ऐकू येण्यासारखं काही झालंच नाही.

"शीळ आली व्हती," तो सावकाश म्हणाला. "एकडाव. मी आरसा वाकवला. मंग वाट बघत व्हतो. म्हणलं, गप हाय, मंजी बराबर हाय."

"वाट बघत होता ना? मग जागेच होता."

"जागा व्हतो?"

"झोपलेला माणूस वाट बघत नाही, खंडूभाऊ."

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. त्या डोळ्यांत काही नव्हतं, पांढरट पडदा नुसता. म्हणाला, "मंग उजेड कुठं गेल्ता?"

मी उंबऱ्याकडं बघितलं. म्हादू तिथंच होता. आता थांबता येत नव्हतं.

"वर," मी म्हटलं. "मोहोळाकडं. मी पाहिला. उदबत्तीही होती, पण उजेड वर होता."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. मला वाटलं, मी या माणसाला संपवलं.

"माह्या उजेडानं माशा उठल्या," तो म्हणाला. "व्हय. तसंच असंल. ते सोशीन मी, साहेब. आंधळ्यानं आरसा धरला, चूक झाली, माही चूक. पर ती आतून हाका मारती, अन् मी निजलेलो, अन् ती हाका मारतीच हाय, ते सोसत नव्हतं. रोज ऐकू यायचं मला ते. आता नाय मारली म्हणता तर नाय मारली."

"नाही मारली."

"बाबूमियाँ खोटं नाय बोलत."

"नाही बोलत."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, घाम पुसतात तसं, आणि हात तोंडावरच ठेवले. खांदे हलायला लागले. मी दुसरीकडं बघितलं.

म्हादू उंबरा ओलांडून आत आला. हातांना अजून दुकानाचं काळं लागलेलं होतं. तो बापासमोर उकिडवा बसला.

"दादा," तो म्हणाला, "जेवलात का?"

सकाळचे दहा वाजले होते. जेवायची वेळ नव्हती, आणि चुलीवर तवाही चढला नव्हता.

"नाय," खंडूभाऊ म्हणाला. "तू वाढ."